बाहीचा फाऊल

गुलमंडीजवळच्या पूल पार्लरमध्ये तो दुपारच्या सुट्टीत येतो. फुलंब्रीहून रोज कापडाच्या दुकानात कामाला येणारा माणूस. नाव मी कधी विचारलं नाही. माझ्याकडे स्वतःची महागडी क्यू, म्हणजे खेळायची काठी आहे. तो भिंतीला लावलेल्यांतली हाताला येईल ती उचलतो. मग रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवतो आणि तिच्या तोंडातून क्यू मागं-पुढं करत राहतो. काठी बाटलीच्या कडेला कधीच लागत नाही. मी घरी करून पाहिलं. माझी बाटली दर वेळी घरंगळली.

"भाऊ, तुम्ही मारल्या मारल्या उठता," तो एकदा मला म्हणाला. "बॉल जाईस्तोर वाकून ऱ्हा. लई फरक पडतो." सल्ला बरोबर होता, म्हणूनच जास्त झोंबला.

परवा आमचा डाव शेवटच्या काळ्या बॉलवर आला. तो नेम धरून वाकला आणि एकदम सरळ उभा राहिला.

"माझी बाही लागली बॉलला. फाऊल हाय. खेळा तुम्ही."

भोवती जमलेल्यांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं. मी नियमाप्रमाणे पांढरा बॉल हवा तिथं ठेवला आणि काळा पॉकेटमध्ये घातला. टाळ्या मला मिळाल्या. त्यानं हसून हात मिळवला आणि दुकानाकडं निघून गेला.

त्याच डावात माझंही बोट एका बॉलला लागलं होतं आणि मी गप्प बसलो होतो. त्याच्या नेमाचा हेवा मला इतके दिवस पचत होता. हा नवा हेवा मात्र पचत नाही.