घुंगराचा जुना पट्टा

शेजारच्या सुनेनं मध्ये एक कुत्रं आणलं. पांढरं, केसाळ, मांजराहून जरा मोठं. त्याला चघळायला ती दुकानातून चामड्याच्या कांड्या आणते, त्याच्यापुढे एक टाकते आणि आपली घरात कामाला निघून जाते. मला ते बघवत नाही. मी काठी टेकत तिच्या ओट्यावर जाते आणि त्याचं चघळून होईपर्यंत तिथंच बसते. ती हसते. "आजी, त्याला काय चोर नेणार आहेत का?" म्हणते. मी म्हणते, तू तुझं काम कर बाई, मला दुसरा उद्योग नाही. खरं कारण तिला सांगितलेलं नाही. कोणालाच सांगितलेलं नाही. आता सांगते, लाज वाटेल ती वाटो.

माझं माहेर चांद्याचं. लग्न होऊन अहेरीकडच्या एका खेड्यात गेले, तेव्हा देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. सासरी धानाची शेती, दोन बैलजोड्या, मागं जंगल. घरात सासरे, नवरा, मी आणि नवऱ्याची मोठी बहीण. तिला सगळं घर 'बाई'च म्हणायचं, मीही तेच म्हणायला लागले. बाईचं सासर वरोऱ्याजवळचं. नवरा गेला आणि ती परत बापाच्या घरी आली. पण तिचं खरं दुःख नवऱ्याचं नव्हतं. त्याच्याही आधी तिची दोन वर्षांची मुलगी गेली होती. धान रोवण्याचे दिवस होते, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, माणूस कमी पडत होता. सासूनं हिला रोवायला धाडलं. पोरगी तापात झोपली होती, तिला तशीच ठेवून दार ओढून ही गेली. दुपारी गुडघाभर चिखल घेऊन परत आली तर पोरगी थंड. पोर तापानं गेली, हे ती सोसून होती. तिला लागून राहिलं होतं ते एवढंच, की जवळ कोणी नव्हतं. वर्षातून एखादवेळी बोलायची ती, अन् तेवढंच बोलायची. "जवळ कोनी नव्हतं वं तिच्या."

कुत्रं तिला अहेरीच्या बाजारात मिळालं. जंगलखात्याचा कोणी साहेब बदलून गेला, त्याच्या बंगल्यावरचा खानसामा ते पिल्लू फुकट द्यायला उभा होता. तपकिरी रंगाचं, आखूड पायांचं, जन्मभर पिल्लूच राहावं असं. घरी आणलं तेव्हा सासरे म्हणाले, "हे का कुत्रं होय? याले तं कोंबडा हानून पाडन." बाईनं त्याला नाव ठेवलं नाही. "ये रे बापा," एवढंच म्हणायची आणि ते लोळण घेत यायचं.

त्याला दात शिवशिवायचे. खाटेची दोरी कुरतडली, सासऱ्यांची वहाण खाल्ली, माझ्या लुगड्याच्या काठाला भोक पाडलं. मी चिडायची. मग बाईनं त्याला चघळायला देणं सुरू केलं. पहिल्यांदा जंगलातून आणलेला हरणाच्या शिंगाचा तुकडा दिला, त्यानं त्याचा दात दुखावला. शिजलेलं हाड मात्र ती कोणाला देऊ द्यायची नाही. शिजलं का त्याच्या सुया होते, म्हणायची. शेवटी चामड्याची वादी ठरली, बैलाच्या जुन्या सामानातली, हातभर लांब. ती गरम पाण्यात धुवून तिचं तेल काढायची, एक टोक खाटेच्या पायाला बांधायची आणि दुसरं त्याच्या तोंडात द्यायची. मग सुपात तांदूळ घेऊन जवळ बसायची. सूपभर तांदूळ निवडून होईस्तोवर त्यानं चघळायचं. झालं की हिसकून घ्यायची नाही, भाताचा एक मुटका पुढे धरायची. ते वादी सोडून भाताला लागायचं. आणि चावून चावून वादी चार बोटं उरली की चुलीत.

शेजारणी हसायच्या. "आता याले पाट मांड, उदबत्ती लाव!" बाई हसून न हसल्यासारखं करायची. मीही त्यांच्याबरोबर हसायची. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची असेल, तिला भरवताना मी कधी एवढी बसत नसे.

त्या वर्षी श्रावणात वरोऱ्याहून निरोप आला, बाईची सासू अंथरुणाला खिळली होती. ज्या सासूनं तिला त्या दिवशी रोवायला धाडलं, तिची सेवा करायला ही निघाली. मी बोललेच, "काऊन जाता? तिनं तुमचं का भलं केलं?" ती म्हणाली, "तिच्याजवळ आता कोनी नाई नं." निघताना कुत्रं माझ्या हवाली केलं. वादी कशी बांधायची ते दाखवलं, जसं काही मी कधी पाहिलंच नव्हतं. "बांधल्याबिगर देऊ नोको. अन् एकट्याले देऊ नोको. मंग नाई दिलं तरी चालते." मी म्हटलं, "हो बाई, हो. तीनदा सांगून झालं." मोटारीत बसताना तिनं पुन्हा एकदा सांगितलं.

आठ दिवसांची म्हणून गेली, ती पोळा आला तरी आली नाही. पावसानं नाले भरले होते, मोटारी बंद. इकडे मी रोज तसंच केलं. बांधून दिलं, जवळ बसले, भात देऊन काढून घेतलं. मनातल्या मनात कुरकुर करत केलं, पण केलं. बाई येईपर्यंत हे जिवंत राहिलं पाहिजे, एवढं मलाही कळत होतं. ती परत यायची ती त्याच्यासाठीच. आमच्यासाठी नव्हे.

पोळ्याच्या दिवशी पहाटेपासून पुरण शिजत होतं. सासरे आणि नवरा बैल धुवायला तलावावर गेले. आमच्याकडे पोळ्याला बैलांना दोर, वेसण, घुंगराचा पट्टा सगळं नवं घालायचं. नवऱ्यानं जुना पट्टा काढला, घुंगरं उसवून ठेवली आणि चामडं माझ्याकडे टाकलं. "हे घे, बाईच्या साहेबाले." मी ते नीट गरम पाण्यात धुतलं. खूप घाम प्यालेलं मऊ चामडं होतं. कुत्रं वासानं वेडं झालं, पायात घोटाळायला लागलं. पाट्यावर पुरण वाटायचं होतं, चाळीस-पन्नास पोळ्या लाटायच्या होत्या, मुलगी रडत होती. बसायला वेळ कोणाला?

आणि मग मी जे केलं ते शहाणपण समजून केलं, हेच आजही आतून कुरतडतं. मुलीला भरवताना मी घास चिमणीएवढा करायची, ठसका लागू नये म्हणून. मला वाटलं, लहान तोंड, लहान तुकडा. अख्खा पट्टा दिला तर अडकेल. तुकडे केले की काळजी नाही, जवळ बसायलाही नको. विळीवर मी त्या पट्ट्याचे अंगठ्याएवढे तुकडे केले. बाई चार बोटं उरली की जे चुलीत टाकायची, त्याहून लहान तुकडे मी मुद्दाम कापून त्याला दिले. इतकी कशी मी मूर्ख! दोन महिने डोळ्यांनी पाहत होते आणि तिचं कारण एकदाही विचारलं नव्हतं. कशाला विचारते, मला तर सगळं येत होतं!

तीन तुकडे टाकले. कुत्रं त्यातला एक तोंडात धरून ढोलीमागं गेलं. ढोली म्हणजे आमची धान साठवायची बांबूची मोठी कणगी, तिच्यामागं त्याची जागा होती. मी चुलीपुढे बसले ती बसलेच.

दुपार कलल्यावर बैल तोरणाखालून सुटून घरी आले. मी ताट घेऊन दारात गेले. पाय धुतले, कुंकू लावलं, पोळी चारली. बैल मान हलवत होते, नवी घुंगरं खणखणत होती. आणि मला एकदम जाणवलं की भुंकणं नाही. घुंगरू वाजलं की कुत्रं घर डोक्यावर घ्यायचं. ताट तसंच नवऱ्याच्या हातात दिलं आणि आत धावले.

ढोलीमागं ते आडवं पडलं होतं. अंग अजून कोमट होतं. पुढच्या पायांनी त्यानं स्वतःचं तोंड ओरबाडलं होतं, जमीनही उकरली होती. मी तोंडात बोट घातलं, खोल होता तुकडा, ओढून काढला. माझ्या अंगठ्याएवढाच. हलवलं, पाठ चोळली, तोंडावर पाणी मारलं. काही झालं नाही. भिंतीपलीकडे मी बसले होते. दहा पावलं सुद्धा नाहीत. त्याच्या घशातून आवाज निघाला नसेल आणि माझं लाटणं चालू होतं. मी तिथंच खाली बसून रडले, कुत्र्यासाठी आणि भीतीनंही.

नवरा म्हणाला, "पुरून टाकतो, बाईले सांगू का पळून गेलं." मी नाही म्हटलं. एवढं तरी मी चांगलं केलं. नाहीतर ती जन्मभर रस्त्यानं हाका मारत फिरली असती. उरलेले तुकडे मात्र मी परसात नेऊन गाडले, ते कोणाला दिसू दिले नाहीत.

आणि त्याच संध्याकाळी ती आली. सकाळी पाणी उतरलं आणि मोटार सुटली होती. सडकेवरून चिखल तुडवत, गुडघ्यापर्यंत भरलेली. बगलेत कागदाची गुंडाळी. ओसरीत पाय ठेवतानाच म्हणाली, "कुठी हाये माहा बापा?" वरोऱ्याच्या बाजारातून तिनं नवी वादी आणली होती, दोन हात लांब.

माझं तोंड बघून तिला कळलं. त्याला गुंडाळलं होतं तो गोधडीचा तुकडा मी उघडून दाखवला. ती खाली बसली, त्याला मांडीवर घेतलं, कानामागं हात फिरवला. रडली नाही. मग मान वर करून मला एकच विचारलं.

"जवळ कोनी होतं?"

मी म्हटलं, "मी होती नं बाई. बांधूनच देल्ली होती. तुटली अन् गिळली त्यानं. माह्या मांडीवरच गेलं."

तिच्यासाठी बोलले की स्वतःला वाचवायला, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. तिनं डोळे मिटले. "होती नं तू," म्हणाली. "मंग झालं." एवढा हलका झालेला तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

परसात सीताफळाखाली तिनं त्याला स्वतः पुरलं, नवी वादी बरोबर ठेवली. आंघोळ केली. जेवणार नव्हती, सासऱ्यांनी सणाचं म्हणून, दिवसभराची उपाशी म्हणून पानावर बसवलं. मी पोळी वाढली, तूप घ्यायला वळले. सासरे भिंतीला टेकून बसले होते. बिचारे, पोरीचं मन दुसरीकडे वळवायला बोलले. "खाऊन पाह्य, कशा झाल्या पोळ्या. टोपली भरून केल्या एकटीनं. सक्काळपासून चुलीपुढून उठली नाई पोरगी."

तुपाची वाटी माझ्या हातात होती. बाईचा हात घासावर थांबला. टोपलीकडे तिनं पाहिलं, फडक्याखाली पोळ्यांची चळत होती. मग पानाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही. मला वाटलं, आता ही ओरडेल, ताट भिरकावेल, मला शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं घास तोंडात घातला, हळूहळू चावला, गिळला.

"वाढ वं तूप," म्हणाली. "उभी काऊन राह्यली?"

त्यानंतर वीसेक वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलं. तिनं मला पुन्हा कधी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कितीदा ओठांवर आलं. प्रत्येक वेळी ती काहीतरी काम काढून उठायची. दुसरं कुत्रं तिनं आणलं नाही.

कुत्रं गेलं त्याच वर्षी धान कापणीला आलं आणि माझी मुलगी तापानं फणफणली. बांधीत माणूस कमी होता, पाऊस परत येईल म्हणून सासरे घाई करत होते. मी दारात विळा घेऊन उभी, ना आत ना बाहेर. बाई मुलीच्या उशाशी येऊन बसली. पाण्याची वाटी जवळ ओढली, पदर खोचला.

"तू जाय कापाले," म्हणाली. "मी हाओ इथी. उठत नाई."

टोमणा असता तर मी सहन केला असता. तो नव्हता. तीन दिवस माझी मुलगी तापात होती आणि तीन दिवस ती तिच्याजवळून उठली नाही.