बाराशे मीटरची धावपट्टी

आधीच सांगून टाकतो, माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका. यातला कुठला किस्सा आधी घडला आणि कुठला नंतर, याबद्दल मिलिंदचं आणि माझं एकमत नाही. काही वेळा माझंच माझ्याशी नसतं. पण एवढं मात्र खरं, की चार माणसं वेगात गाड्या पळवायला लागली आणि पाचवा त्यांची काळजी करायला लागला, की किस्से आपोआप साठतात. त्यासाठी कोणाला वेगळं काही करावं लागत नाही.

तो पाचवा मी. टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर पीएच.डी., इंजिनियरिंग कॉलेजात आयुष्यभर शिकवणं, आणि जिना उतरताना आजही कठड्याला हात!

* * *

मिलिंद जाधव हा माझा जुना विद्यार्थी. टिटवाळ्याला त्याचं गॅरेज आहे. मी निवृत्त झाल्यावर एका रविवारी तो नौपाड्याला घरी आला.

"सर, आमचा एक ग्रुप आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, सगळीकडची मंडळी. एकेकाकडे भारी गाड्या, पण पळवायला जागा कुठाय? कल्याणपासून अडीच तासांवर एक छोटा रनवे मिळालाय, बंद पडलेल्या कारखान्याचा. मी बघून आलेलो. महिन्यातून एक रविवार आपला!"

"मग मी काय करू? मला चौथा गिअर टाकतानासुद्धा धडधडतं."

"म्हणून तर आलो, सर. ग्रुपमध्ये सगळे डेरिंगबाज आहेत. एक घाबरणारा माणूस पाहिजे!"

माझी बायको वसुधा चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "घेऊन जा रे. महिन्यातून एक दिवस तरी हे गॅसचा नॉब चारदा तपासणार नाहीत."

असा मी त्या ग्रुपचा सुरक्षा अधिकारी झालो. काम एकच. सकाळी जेवढी माणसं आली, तेवढीच संध्याकाळी धडधाकट घरी गेली पाहिजेत. हे आपल्याला जमेल का, ही शंका मला आदल्या सोमवारपासून सुरू होई.

* * *

ग्रुपमधले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे डॉ. परांजपे. दंतवैद्य. दवाखाना नौपाड्यातच, घरापासून चालत चार मिनिटांवर. तरीही त्यांनी एक चंदेरी परदेशी गाडी घेतली होती. ती बिल्डिंगखाली कापडाखाली झाकलेली असे.

मी विचारलं, "डॉक्टर, ही चालवता कुठे?"

"घोडबंदर रोडला एकदा नेली होती. मागून रिक्षावाला ओरडला, काका, ढकलू का?" मग गंभीरपणे म्हणाले, "सर, हिच्या काट्यावर तीनशे वीसपर्यंत आकडे आहेत. चाळिसाच्या पुढचे अजून कोरे आहेत हो!"

धावपट्टीवर पहिल्यांदा ते ताशी एकशे दहाने गेले. परत येऊन उतरले तेव्हा त्यांनी जमिनीवर दोनदा पाय आपटून पाहिला, आणि चेहऱ्यावर अपार आनंद होता.

"पेशंट माझ्या खुर्चीतून उठताना एवढे खूश का दिसतात, ते आज कळलं!"

* * *

डोंबिवलीचे कुलकर्णी बँकेतले. अतिशय टापटिपीचे. माझे सगळे नियम ते वहीत उतरवून घेत. हेल्मेट, पट्टा, टायरची हवा, सगळं तपासून ते निघाले, एकशे वीसला पोचले आणि त्यांनी ठरल्याप्रमाणे जोरात ब्रेक दाबला.

गाडी थांबली. पण कोणी उतरेना. मी दुर्बिणीतून पाहिलं, तर पुढची काच आतून लालभडक!

मी आयुष्यात एवढा धावलो नव्हतो. मिलिंद माझ्या पुढे होता, डॉक्टर मागे पेटी घेऊन. दार उघडलं. कुलकर्णी ताठ बसलेले, शर्ट लाल, चष्मा लाल.

"कुलकर्णी! कुठे लागलंय?"

"कुठेच नाही, सर," ते अगदी शांतपणे म्हणाले. "बिटाची कोशिंबीर आहे. डबा मागच्या सीटवर होता."

माझ्या नियमांत डब्याचा उल्लेख नव्हता. गाडी थांबते, पण तिच्यातली सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. कोशिंबिरीच्या बाबतीत ते सुचलं नाही. मी रात्रभर स्वतःला दोष देत होतो. दुसऱ्या दिवशी कुलकर्ण्यांना फोन केला, तर म्हणाले, "तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? हिने मला एकच विचारलं, डब्याला पोचा आला का!"

* * *

धावपट्टीची राखण गणपत करायचा. कारखाना बंद झाला तरी त्याची नोकरी चालू होती. शेजारच्या पाड्याला आसपास सपाट, स्वच्छ जमीन म्हणजे एवढीच, त्यामुळे कापणीनंतर सगळ्यांचं भात वाळायला धावपट्टीवर.

आम्ही पोचलो तर निम्म्या पट्टीवर भात पसरलेलं. मी घाबरून म्हणालो, "गणपत, हे काय! विमान आलं तर?"

"इमान वरून बघतंय ना सायेब. मग एक फेरी मारतंय. तवर आम्ही गोळा करतो. तुमच्या गाड्या नाय फेरी मारीत."

बायकांनी तासाभरात भात उचललं, पण दाणे राहिलेच. मी सगळ्यांना गोळा केलं आणि भाताचा एक दाणा चिमटीत धरून समजावू लागलो. हा दाणा टणक आहे, गोलसर आहे. टायरखाली असे हजार दाणे आले की ते बेअरिंगमधल्या गोळ्यांसारखे फिरतात. घर्षण नाहीसं होतं. ब्रेक कितीही चांगला असो, चाक थांबेल, गाडी थांबणार नाही!

कोणी ऐकत नव्हतं. मग "इकडे बघा" म्हणत मी एक पाऊल मागे टाकलं, आणि थेट आडवा!

मिलिंदने मला उठवलं, माझी पँट झटकली आणि सगळ्यांना म्हणाला, "आता तरी झाडू घ्या रे. सरांनी प्रॅक्टिकलसकट शिकवलंय!"

* * *

विमानाचा प्रसंग मात्र खरोखर भीतीचा. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं कधीमधी तिथे उतरत. येण्याआधी कारखान्याच्या ऑफिसात फोन करायचा आणि गणपतने आम्हाला सांगायचं, अशी पद्धत होती. त्या रविवारी गणपत पाड्यावर लग्नाला गेला होता.

डॉक्टरांची गाडी पट्टीच्या मधोमध, आणि डोंगरामागून विमान. मी लाल बावटा हलवायला लागलो. डॉक्टरांकडे बघून हलवावा की विमानाकडे, हे न कळल्याने मी स्वतःभोवतीच फिरत होतो. विमान घरघरत डोक्यावरून गेलं, दोन फेऱ्या मारल्या आणि पट्टी मोकळी झाल्यावर उतरलं.

त्यातून एक प्रशिक्षक उतरले, संतापाने लाल. "इथला जबाबदार माणूस कोण?"

"मी," मी म्हणालो. "म्हणजे, बहुतेक मीच."

त्यांनी मला दहा मिनिटं झाडलं. एकही शब्द चुकीचा नव्हता, म्हणून मी मान हलवत ऐकलं. शेवटी त्यांचा राग उतरला आणि नजर डॉक्टरांच्या गाडीवर गेली. "काय पळते हो ही?"

डॉक्टरांनी त्यांना शेजारी बसवून एक फेरी मारली. एकशे तीस, फार नाही. प्रशिक्षक उतरले ते दाराला धरून. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आजोबा, मी आपला वरच बरा!"

* * *

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

डॉक्टरांची पासष्टी आली होती. त्यांना एकदाच, फक्त एकदा, ताशी दोनशेने जायचं होतं. तोपर्यंत मी एकशे तीसच्या वर कोणालाच जाऊ दिलं नव्हतं. डॉक्टर दोन महिने माझ्या मागे लागले. शेवटी मी हिशेबाला बसलो. दोनशेच्या वेगात, त्या जुन्या खरबरीत डांबरावर, ब्रेक दाबायचं सुचण्यापासून गाडी उभी राहीपर्यंत चारशे मीटर लागणार होते. त्यात मी माझ्या भीतीचे दीडशे मिळवले. साडेपाचशे. गणपतने ऑफिसातून धावपट्टीचा नकाशा आणून दिला होता, सही-शिक्क्याचा. लांबी बाराशे मीटर. म्हणजे सुरुवातीपासून साडेसहाशेवर रेषा, आणि रेषेवर चाक आलं की ब्रेक.

मिलिंदने आणि मी साडेसहाशे मीटर टेपने मोजले, आणि क्रिकेटच्या मैदानावर मारतात तशी फक्कीची पांढरी रेषा मारली.

"सर, निम्मा रनवे ब्रेकलाच?" मिलिंद हसला. "गाडी थांबवायला आलोय की पळवायला?"

"मला थांबवायलाच बोलावलंयस ना?"

पट्टी संपते तिथे खाली नाला होता. बाकी सगळे सुरुवातीला थांबले. रेषेपाशी, बाजूच्या गवतात, बावटा घेऊन मी एकटा.

गाडी आली. म्हणजे आवाज आला, मग वारा आला. आणि मग मला लांबून मिलिंदची किंकाळी ऐकू आली.

सगळे धावत पोचलो, तर गाडी पट्टीच्या अगदी टोकाला उभी होती. पुढची चाकं आणि नाला यांच्यात हातभर अंतर. डॉक्टर उतरून नाल्यात डोकावून बघत होते.

मी आयुष्यात कोणावर ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. "डॉक्टर, रेषा दिसली नाही तुम्हाला? दीडशे मीटर पुढे जाऊन ब्रेक दाबलात तुम्ही!"

"नाही हो सर. रेषेवरच दाबला."

"शक्य नाही! रेषेवर दाबला असता तर गाडी इथे आली नसती. हे गणित आहे, डॉक्टर!"

डॉक्टरांनी मागच्या रेषेकडे बोट केलं. मिलिंदने मला हळूच विचारलं, "सर, तुम्ही तिथेच होतात ना? तुम्ही बघितलं?"

"बघितलं," मी म्हणालो.

मी बघितलं नव्हतं. गाडी जवळ येताना मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. त्या धावपट्टीवर डॉक्टरांचा खरेपणा ठरवू शकणारा एकच साक्षीदार होता, आणि त्याने ऐन वेळी डोळे मिटले होते.

डॉक्टरांनी पुन्हा गाडी पळवली नाही. पुढच्याच महिन्यात विकून टाकली. ग्रुपही हळूहळू पांगला. डॉक्टर माझ्याशी पूर्वीसारखेच वागत. फक्त दर सहा महिन्यांनी मी दात दाखवायला गेलो, की माझ्या तोंडात कापसाचे बोळे आणि आरसा घालून झाल्यावर ते मऊ आवाजात विचारत, "सर, खरं सांगा, रेषेवरच दाबला होता ना मी?"

मी "आँ" म्हणत असे. त्यांना तेवढंच ऐकू येई.

सात वर्षं हे चाललं. गेल्या हिवाळ्यात मिलिंदचा फोन आला, "सर, तो रनवे आता खणणारेत. सोलर पॅनेल लावणार. एकदा बघून येऊ या का तिघं?" मी हो म्हणालो आणि माळ्यावरून तीस मीटरची टेप काढली. वसुधाने ती पिशवीत घातली, कशासाठी ते विचारलं नाही. जाताना गाडीत, डोळे मिटल्याचं मी डॉक्टरांना सांगून टाकलं. त्यांनी वाकून पायाशी ठेवलेली पिशवी चाचपली. मग म्हणाले, "टेप आणलीय ना? मोजू."

डॉक्टरांनी टेपचं एक टोक धरलं, मिलिंदने दुसरं. मी प्रत्येक वेळी खडूने खूण करत होतो. डॉक्टर मोठ्याने मोजत होते. तिसाव्या वेळी माझे गुडघे बोलायला लागले. "एकतीस. बत्तीस," डॉक्टर म्हणाले, "इथपर्यंत आमचा अभ्यास असतो. पुढचं तुम्ही बघा!"

तेहेतीस. चौतीस. पस्तीस.

छत्तिसाव्या वेळी मिलिंद पुढे गेला नाही. त्याच्या बुटांपुढे नाला होता.

पस्तीस गुणिले तीस मी तीनदा केलं. एक हजार पन्नास. रेषेपर्यंतचे साडेसहाशे, ब्रेकचे चारशे.

गणपत काठी टेकत आमच्या मागे येऊन उभा राहिला होता. मला अजूनही शंका होती. मी विचारलं, "गणपत, ही पट्टी पूर्वी पुढपर्यंत होती ना? आता अलीकडे तुटली असेल?"

"अलीकडे कशाची? पलीकडचा तुकडा पुरात गेला. तुम्ही पयल्यांदा आलात त्याच्या आधीच्या पावसात."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही नकाशा मागितलात," गणपत म्हणाला. "मी नकाशा दिला."