वैशालीची दुरुस्ती

आज घाईत एक प्रोग्राम दुसऱ्यांदा उघडायला गेलो, तर आधीचीच खिडकी अलगद पुढे आली आणि चारकोपच्या ऑफिसात शेजारी बसणारी वैशाली आठवली.

आम्ही दोघांनी रक्त तपासणाऱ्या एका लॅबसाठी प्रोग्राम लिहिला होता. तिथल्या शिंदेबाईंकडून तो दोनदा उघडला गेला आणि दोन पेशंटना एकच नंबर मिळाला. रिपोर्ट जाण्याआधी लक्षात आलं म्हणून निभावलं. बाई मात्र रडकुंडीला आल्या होत्या.

मी म्हटलं, "पुन्हा उघडलं की लाल अक्षरात एरर देऊ."

"कशाला रे? पहिली खिडकी मागे गेली, त्यांना दिसली नाही. त्यात त्यांची काय चूक?" असं म्हणून वैशालीने तीच खिडकी पुढे येईल असं केलं.

शिंदेबाई पुढे निर्धास्त काम करत राहिल्या. तेव्हा मला तो नुसता चांगला कोड वाटला होता.