लोकरीला विटाळ नसतो

कुशाबाईचा राग भाकरीवर कळायचा. दापोडीच्या रेल्वेलगतच्या चाळीत तिच्या परातीचा आवाज भिंतीपलीकडे गेला की शेजारची चिमाबाई तिकडून ओरडायची, "कुशे, आज कुणाचं थोबाड समजून थापतीयास गं?"

"नाव घेतलं तर भाकरी कडू हुईल," कुशाबाई म्हणायची.

बासष्ट साली लग्न होऊन ती दापोडीला आली. माहेर चाकणच्या पलीकडं, गावाबाहेरच्या वस्तीत. बाप छप्पन साली बौद्ध झाला आणि त्या दिवसापासून त्यानं गावात कुणाच्या दारात ताट पुढं करणं बंद केलं. उपाशी राहिला, पण मागितलं नाही. लेकीला हुंडा द्यायला त्याच्याकडं काही नव्हतं. हा ताठा मात्र त्यानं भरभरून दिला. कुशाबाई रागीट निघाली ती अशी वारशानं.

नवरा धर्माजी तिच्या अगदी उलट. पिंपरीच्या एका कंपनीत फिटर, हाताला जादू, तोंडाला कुलूप. यंत्राचा आवाज ऐकून तो कुठलं बेअरिंग गेलं ते सांगायचा. बायकोचा आवाज ऐकून मात्र त्याला काही कळायचं नाही, किंवा कळलं तरी तो सांगायचा नाही.

चौऱ्याहत्तर साली कंपनीची यंत्रं काबूलला गेली आणि ती उभी करायला धर्माजीलाही पाठवलं. निघताना त्यानं विचारलं, "काय आणू?"

"शिलाई मशीन," कुशाबाई म्हणाली. "हातानं गोधड्या शिवून बोटाची चाळण झालीया. दुसरं काय बी नको."

धर्माजी सहा महिन्यांनी परतला तो खांद्यावर एक भलं मोठं लाल गाठोडं घेऊन. सोडलं, तर बाहेरची अख्खी खोली भरली. भिंतीपाशी थोडं दुमडून ठेवावं लागलं.

"ह्ये काय?"

"गालिचा. तुर्कमेन लोकांचा. हातानं गाठी मारून केलेला."

"आन् मशीन?"

धर्माजी वाकून गालिच्याची कड सरळ करायला लागला.

"म्या मशीन मागितली आन् तुमी सतरंजी आणली! दोन खोल्यांत राहातोय आपण. ह्याच्यावर काय हत्ती बसवायचा?"

आठ दिवस ती त्या गालिच्यावरून नुसती चालली, ते पण पाय आपटत. नवव्या दिवशी केर काढताना तिला मधोमध लाल रंग बदललेला दिसला. वरचा भाग गडद, खालचा जरा उन्हानं उडाल्यासारखा. तिला तर हवंच होतं काहीतरी.

"फसवलं तुमाला! अर्ध्यात रंग संपला त्यांचा. असला डागाळ माल परदेशातनं उचलून आणला."

धर्माजी पहिल्यांदा हसला. खाली बसला आणि गालिच्याचा कोपरा उलटा केला. "हे बघ. पाठीमागनं बी नक्षी तेवढीच स्वच्छ दिसते. म्हणजे प्रत्येक गाठ हातानं बांधलीय. छापील नाय, चिकटवलेला नाय. पहिल्या दुकानात मला एक झगझगीत गालिचा दाखवला. सगळीकडं एकसारखा लाल, आरशागत. मी ओला रुमाल घासला, तर रुमाल लाल. तसाच बाहेर पडलो. मग एका म्हाताऱ्या हाजीकडं हा मिळाला. मी बी हेच विचारलं, रंग का बदलला? म्हणाला, लोकर संपली, टोळीनं मुक्काम हलवला, नव्या ठिकाणी मंजिष्ठेची मुळं उकळली, तिथल्या पाण्यानं रंग वेगळा चढला."

कुशाबाईनं त्या रंगाच्या रेषेवरून बोट फिरवलं. गोधडी शिवताना एक लुगडं संपलं की दुसरं जोडावं लागतं, ते कधी जुळतं, कधी नाही. हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"कुणी विणला?"

"बायकाच विणतात."

"आन् विकतं कोण?"

"पुरुष."

"म्हंजे तिथं बी तेच," ती म्हणाली. पण हात तसाच फिरत राहिला.

हळूहळू तिला तो गालिचा वाचता यायला लागला. दाराकडून पाहिला तर पिकल्या डाळिंबासारखा, आतून पाहिला तर वाळलेल्या रक्तासारखा. लोकर एका अंगाला निजलेली असते म्हणून. मधली ती आठ कोनांची चिन्हं हत्तीच्या पावलासारखी दिसायची. धर्माजी म्हणाला, प्रत्येक टोळीचं चिन्ह निराळं, त्यावरून माणसं ओळखतात. हाजीनं त्याला तिथली रीतही सांगितली होती: तंबूत शिरल्यावर दारासमोरची जागा गालिच्याची. आलेल्याला आधी तिथं बसवायचं, तो कोण, कुठला, ते मागाहून विचारायचं.

"मागाहून?" कुशाबाईनं दोनदा विचारलं. "आधी बसवायचं आन् मागाहून विचारायचं?"

"हां."

"आपल्याकडं उलटं," ती म्हणाली. त्यानंतर तिनं मशीनचं नाव काढलं नाही.

गालिच्याची बातमी कंपनीत गेली. माणसं बघायला यायला लागली. वाकून हात फिरवत, बसत, "व्वा मिस्त्री!" म्हणत. आणि चहाचा कप पुढं आला की अर्ध्याजणांना आठवायचं, "आत्ताच घेतला हो, घरून घेऊनच निघालो." कुशाबाई ते कप मोरीत ओतायची. ओतताना आवाज होईल असं ओतायची.

फोरमन लक्ष्मणराव आणि त्याची बायको शालनबाई आले अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात. चिंचवड गावठाणातलं शेतकऱ्याचं घर, चार खणांची ओसरी. त्यांच्या नीलाची सुपारी फुटायची होती. पाव्हणे चाकणकडचे, बागायती, मोठी माणसं.

शालनबाई गालिच्यावर ऐसपैस बसली. "कुशाबाई, एका दिवसापुरता दे गं. पाव्हण्यांची बैठक झोकात झाली पाहिजे. आमच्या सतरंजीला उंदरांनी भोकं पाडलीत."

"वैनी, बैठकीला भांडी बी लागत्याल की. पातेली देऊ? तांब्याची हायेत, घासलेली."

शालनबाईचा चेहरा क्षणभर बावरला. मग ती समजूत घातल्यासारखं हसली. "अगं, भांड्याचं निराळं. लोकरीला विटाळ नसतो. आमच्यात पूजेला बी घोंगडी चालती, कुणाच्या बी घरची. तुला ठाव न्हाई व्हय?"

परातीत भाकरी नव्हती म्हणून कुशाबाईनं आपल्याच मांडीवर हात आपटला. धर्माजीनं डोळ्यानं विनवलं, राहू दे, फोरमन आहे.

"आन् आमी कुठं बसायचं त्या दिवशी?" तिनं सरळ विचारलं.

"हे काय विचारणं झालं? घर तुमचंच हाय. दोघं बी या, जेवूनच जायचं."

तेवढ्यावर कुशाबाईनं गालिचा दिला. चिमाबाईनं तिला वेड्यात काढलं. "आगं, त्ये गोड बोलत्यात ते गालिच्याला, तुला न्हाई!"

"बघू की," कुशाबाई म्हणाली. "बसीन एकदा चारचौघीत माझ्या गालिच्यावर. तेवढंच पायजे मला. साडी नको, नारळ नको. बसाया पायजे."

सुपारीच्या दिवशी धर्माजी सकाळीच पुढं गेला, गालिचा नीट अंथरायला. कुशाबाई मागून लोकलनं चिंचवडला उतरली. हिरवं लुगडं, केसात अबोली. मांडवाच्या तोंडाशीच तिला गालिचा दिसला, दारासमोर, बरोबर जागेवर. त्यावर फेटेवाले दाटीनं बसलेले, मधे मुलाचा बाप दौलतराव, पुढ्यात सुपारीचं नि कुंकवाचं तबक. कडेला बायका.

धर्माजी तिथं नव्हता. तो मांडवाबाहेर होता, गोठ्याच्या भिंतीला टेकून, एका पोत्यावर. शेजारी दुसरं पोतं रिकामं अंथरलेलं. तिच्यासाठी.

शालनबाई लगबगीनं आडवी आली. "आलीस? ये, त्या मागच्या अंगाला बस. सावली हाय, वारा हाय. ताटं तिथंच धाडते."

कुशाबाईनं पोत्याकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं. त्यानं मान खाली घातली.

तेवढ्यात मांडवातून दौलतरावांचा आवाज आला, "लक्ष्मणराव, गालिचा नामी हाय हो! कुठला?"

"काबूलचा," लक्ष्मणराव मिशीवर हात फिरवत म्हणाला. "खास मागवला."

मागवला! कुशाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शालनबाईचा हात बाजूला सारून ती मांडवात शिरली. गालिच्याच्या काठाशी तिनं चपला काढल्या, जोडीनं नीट ठेवल्या, आणि फेट्यांमधून वाट काढत जाऊन मधल्या हत्तीच्या पावलावर मांडी घालून बसली.

"ही कोण बाई?" दौलतराव.

"म्या कुशाबाई. धर्माजी मिस्त्रीची बायको. दापोडीची. गालिचा आमचा हाय पाव्हणं. ह्यांनी मागवला न्हाई, मागून आणला."

कुणीतरी दुसऱ्याच्या कानाला लागलं. कुठली, कुणाची, ते कानातून कानात गेलं. आणि पहिला फेटा उठला. मग दुसरा. पारव्यांचा थवा उठावा तशी बैठक उठली. धोतरं सावरत, घसा खाकरत, कुणाकडंही न बघता. दौलतराव सर्वांत शेवटी उठले, पण उठले.

एवढ्या मोठ्या लाल गालिच्यावर कुशाबाई एकटी उरली.

"आवं, उठताय कशापायी?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "लोकरीला विटाळ नसतो. वैनींनीच सांगितलं. इचारा वैनींना!"

शालनबाईनं तोंडाला पदर लावला.

"धर्मा!" लक्ष्मणराव गरजला. कंपनीत तो मिस्त्री म्हणायचा. "बायकोला आवर!"

धर्माजी पोत्यावरून उठला. मांडवाच्या कडेपर्यंत आला आणि थांबला.

कुशाबाई उभी राहिली. तबक दोन्ही हातांनी अलगद उचलून तिनं ओट्यावर ठेवलं. "पोरीचं कुंकू हाय, सांडाया नको. तिचा काय दोष?" मग वळून सगळ्या फेट्यांना म्हणाली, "उठलात ते लई ब्येस झालं. मला गुंडाळाया सोपं."

आणि ती कोपरा धरून गालिच्याची घडी घालायला लागली. दात ओठ खात, ओढत, चुकीचीच.

"अशी नाय," मागून आवाज आला. धर्माजी. "घडी नको घालू, गाठी मोडतात. गुंडाळायचा. लोकर निजलीय त्या अंगानं."

तो गुडघ्यावर बसला. भरल्या मांडवात दोघांनी मिळून गालिचा गुंडाळला. कुणी हललं नाही.

"मिस्त्री," लक्ष्मणराव दातांतून म्हणाला, "उद्या कंपनीत यायचंय तुला. याद राख."

"येणार की," धर्माजी म्हणाला. "पहिल्या पाळीला."

एक टोक त्यानं खांद्यावर घेतलं, एक तिनं. गावठाणातून स्टेशनापर्यंत लोक बघत होते. कुशाबाई सारखी बोलत होती, शालनबाईला, दौलतरावांना, त्यांच्या फेट्यांना, पोत्याला, गोठ्याला. धर्माजी पुढं चालत होता. फलाटावर ओझं खाली टेकवल्यावर मात्र ती थांबली. तिला एक गोष्ट उमगली आणि ती सगळ्यांत वाईट होती.

"तुमी सकाळधरनं त्या पोत्यावर बसला व्हता."

"हं."

"गालिचा तुमीच अंथरला. नक्षी कुठली, लोकर कुठली, त्यांना सांगितलं बी असंल."

"सांगितलं."

"आन् मग जाऊन पोत्यावर बसला. कुणी सांगितलं बसाया?"

धर्माजीनं रुळांकडं पाहिलं. "कुणी नाय."

"कुणी न्हाई?"

"ते सांगणार, हे ठाऊक होतं. त्यांनी सांगायच्या आधी आपणच बसलेलं बरं वाटतं, कुशे. पंधरा वर्षं असंच करतोय. कॅन्टीनमधी बी."

मांडवातल्या सगळ्या फेट्यांवर मिळून आला नव्हता एवढा राग तिला या एका माणसाचा आला. "आन् मला हिरवं लुगडं नेसून येऊ दिलंत! दापोडीतच सांगायचं की, कुशे, पोत्यावर बसाया चाललोय!"

"तू आली नसतीस."

"न्हाईच आले असते!"

"मग मला एकट्याला बसावं लागलं असतं," धर्माजी म्हणाला.

लोकलला वेळ होता. कुशाबाईनं गुंडाळीची दोरी सोडली.

"अगं, काय करतेस? इथं खाली धूळ आहे, पानाच्या पिचकाऱ्या..."

"जमिनीवर टाकायलाच इणलाय ना त्या बाईनं?" तिनं दोन हातांनी ढकलला. लाल गालिचा फलाटावर उलगडत गेला, पाटीवाल्या बायका पाय उचलून बाजूला झाल्या. कुशाबाई मधोमध बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं भाकरी थापावी तसा हात मारला. "बसा."

धर्माजीनं चारी बाजूंना पाहिलं. पलीकडच्या बाकावर त्याच्याच कंपनीतले दोघं होते. चहावाला किटली घेऊन थांबला होता.

"लोक बघतात."

"बघू द्यात. त्यांच्यासाठीच टाकलाय. बसा म्हणते ना!"

त्यानं वाकून चपला काढल्या. अवघडून, कडेकडेला बसला.

"मधी," कुशाबाई म्हणाली. "काठावर न्हाई. मधी सरका."

तो सरकला.

मांडी घालत त्यानं विचारलं, "गेला का राग?"

"न्हाई," कुशाबाई म्हणाली, आणि चहावाल्याला हाक मारली.