चंद्रीच्या रेडकाचं पान

पडदा वर जाऊ द्या. साल एकोणीसशे अडुसष्ट, नागपूरचा महाल. चंपतराव गवळ्याच्या अंगणात लग्नाचा मांडव, पंगतीची पानं मांडलेली, आणि पुरणाच्या पातेल्याशी गोपिकाबाई. मी रंगभूमीवर तीस वर्षं सूडाचे प्रवेश केले; त्या दिवशीचा प्रवेश मात्र नुसता पाहत राहिलो.

नवरा गेल्यावर गोपिकाबाईनं आपली म्हैस, चंद्री, चंपतरावाच्या गोठ्यात दिली होती. अट एकच: कासेचा एक सड रेडकासाठी सोडायचा. तो हो म्हणाला, आणि नराला दूध कशाला म्हणून रेडकू उपाशी मारलं. मग त्याच्या कातड्यात कडबा भरून ते चंद्रीपुढं उभं करायचा. ती ते चाटायची आणि पान्हा सोडायची.

गोपिकाबाईनं हे पाहिलं आणि दूध, दही, तूप, सगळं सोडलं. ती आमच्या नाटकमंडळीची स्वयंपाकीण; आम्हाला तिनं सहा महिने दाण्याचं कालवण, जवसाची चटणी आणि तेलातल्या पुरणपोळ्यांवर पोसलं. माझी वर्षानुवर्षांची पोटाची जळजळ त्यात थांबली. चंपतरावाला वाटलं, बाईनं नवऱ्यामागं व्रत धरलंय. मुलीच्या लग्नाचा स्वयंपाक त्यानं तिलाच सांगितला.

वऱ्हाडी बसले. हात पानाकडे वळले.

"थांबा! घरचा एक मानूस राहिला."

गोपिकाबाई गोठ्यात गेली, ते कडब्याचं रेडकू उचलून आणलं आणि पहिल्या पानासमोर ठेवलं.

"आधी याले वाढा. याच्या हिश्शाचं दूध तुमी सारे पिऊन राहिले."

"काहून अब्रू घेते वं?" चंपतराव ओरडला.

"तू याचा सड काहून घेतला गा?"

पंगत उपाशी उठली. महिन्याभरात अर्ध्या गल्लीनं त्याचा रतीब तोडला.

पण त्या सूडानं तिलाही खाल्लं. तेरा वर्षं तिनं दुधाचा थेंब घेतला नाही, आणि एक्याऐंशी साली ती अंथरुणाला खिळली. पाय बधिर, चेहरा पांढराफटक. "रोज दूध घ्या, नाहीतर जगणार नाही," डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी हात जोडले, ओरडलो, रडलोसुद्धा. शेवटी म्हातारा चंपतराव स्वतः लोटा घेऊन दाराशी आला.

"आता रेडकाले पहिले पाजतो, बाई, मग काढतो. तुमच्याच भेवानं. घ्या दोन घोट."

तिनं लोट्यात पाहिलं. मग हसली. तिचे शेवटचे शब्द एवढेच:

"तुमीच प्या, चंपतभाऊ. माह्या तिरडीले दणकट खांदा लागन."