झालं का तुमचं?

घरात मानसिक आजाराचं माणूस असलेल्यांचा आमचा गट दर महिन्याला भरतो. फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'कुटुंब शिक्षण वर्ग' लिहिलेलं असतं. आज आत जाताना दाराशी काढलेल्या चपलांकडे सहज लक्ष गेलं. सगळ्या बायकांच्या.

आत शोभाताई सांगत होत्या, मुलगा गोळी जिभेखाली धरतो आणि नंतर मोरीत थुंकतो. खिडकीतून त्यांचे यजमान दिसत होते, स्कूटरवर बसून मोबाइल बघणारे. वर्ग घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांनाही बोलवा ना आत."

"त्यांना नाही हो जमत असलं ऐकायला," शोभाताई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. आम्हाला जमतं ते काय आम्ही माहेरून शिकून आलो होतो? माझ्या मुलीला आवाज ऐकू यायला लागले की आमच्या ह्यांनाही नेमकं तेव्हाच दूध आणायचं आठवतं.

वर्ग सुटला. बाहेर मोबाइलवरून नजर न उचलता शोभाताईंच्या यजमानांनी विचारलं, "झालं का तुमचं?"

तुमचं. जसं काही आम्ही भिशीला जमलो होतो.

शोभाताई "हो, झालं" म्हणाल्या आणि मुकाट्याने मागे बसल्या. मुलाला आडनाव या माणसाचं, नाकही याचंच. आजार तेवढा आमचा.