जहाज हलतं तेव्हा

सुमनवहिनींचा फोन सकाळी आला. आवाज नेहमीसारखाच शांत. "भावजी, हे गेले. चहा मागितला, मी करून आणला, तर तेवढ्यात..." फोन ठेवला आणि औरंगाबादच्या माझ्या घरात हैदराबादसाठी पिशवी भरायला घेतली. वहिनींचे यजमान, माधव, माझा शाळासोबती. आता त्याला जाऊन महिना उलटून गेला, म्हणून लिहायला बसतोय.

आमची दोघांची घरं हैदराबाद संस्थानच्या नोकरीतली. घरात मराठी, शाळेत उर्दू, गल्लीत दख्खनी आणि भाजीवालीशी तेलुगू... यातलं काही वेगळं शिकावं लागतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. माधव लहानपणापासून शेजारच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे व्हायोलिन शिकायचा, मांडी घालून, आपल्या पद्धतीनं. आम्ही विद्यापीठात जायला लागलो त्या सुमारास सिकंदराबादच्या एका थिएटरात एक इंग्रजी सिनेमा लागला. समुद्रावरचा. आपल्याच बंदरातून हाकललेला एक तरुण कप्तान, त्याला फसवणारा सुभेदार, वादळ आणि शेवटी तलवारी. गोष्ट अशी साधी. हुसेनसागरच्या बंधाऱ्यावरून सायकली हाणत आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. संवाद अर्धेही कळले नाहीत. पण कप्तान जहाजावर चढतो, एकेक शीड वर जातं आणि जहाज बंदर सोडतं, तिथं माधवनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मी दचकलोच.

बाहेर आल्यावर सायकलचं कुलूप न काढताच तो म्हणाला, "ऐकलंस का रे? आधी कोण हललं?"

"जहाज."

"नाही रे! आधी ती मोठी, जाड आवाजाची व्हायोलिनं हलली. मग पाणी हललं. मग पितळी वाद्यं आली, तेव्हा कुठं शिडांत वारा भरला. जहाज सगळ्यांत शेवटी. आपल्याकडं एकटा माणूस राग उभा करतो. इथं पन्नास-साठ माणसं मिळून एकच श्वास घेत होती."

मला जहाजच आठवत होतं. त्याला श्वास. त्या आठवड्यात तो पुन्हा पुन्हा गेला. एकदा तर सगळा सिनेमा त्यानं डोळे मिटून पाहिला, म्हणजे ऐकला. त्याच्या मते त्या संगीतकाराची खरी करामत शेवटच्या तलवारबाजीत होती. इतका वेळ सगळा वाद्यवृंद गर्जत असतो आणि पाती भिडली की एकदम सारं थांबतं. फक्त पोलादाचा खणखणाट आणि दोघांचं धापा टाकणं. "गप्प बसायचं त्याला कळतं," माधव म्हणायचा, "म्हणून तो मोठा." ती जहाजाची धून त्यानं उस्तादांना भीतभीतच वाजवून दाखवली. ते दाढीवरून हात फिरवत हसले. "हौ मियाँ, ये तो बिलावल का फिरंगी भाई है. बजाओ, बजाओ." पुढं सिकंदराबादेतला एक गोवेकर पियानोवादक त्याला भेटला. त्याच्याकडं तो पाश्चात्त्य स्वरलिपी शिकू लागला आणि त्याच्या छोट्याशा वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसू लागला.

आणि नेमकं तेव्हाच राज्य वाटलं गेलं. तेलुगू भाग एकीकडं, कानडी एकीकडं, आपला मराठवाडा मुंबईकडं. कचेऱ्यांतून कोण कुठं जाणार याचीच बोलणी. माझ्या वडिलांना औरंगाबाद मिळालं, माधवच्या वडिलांना, अण्णांनाही. घराघरांत ट्रंका उघडल्या. माधवनं अण्णांना सांगितलं, मी येत नाही. मी तिथंच ओसरीवर बसलो होतो. अण्णा तापट नव्हते, पण त्या दिवशी आवाज चढला.

"इथं राहून काय करशील? मराठी माणसाला आता इथं कोण विचारणार?"

"मला बाजा विचारतो ना, अण्णा. राज्य वाटलं गेलं, मी कुठं वाटला गेलोय?"

अण्णा उठून आत गेले. निघायच्या दिवसापर्यंत बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. माधवची आई दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढायची आणि मधल्या वेळात डोळे पुसायची.

काचीगुड्याच्या फलाटावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मी गल्लीच गाडीत आणि निम्मी पोचवायला. बायका गळ्यात पडून रडत होत्या. अण्णा आमच्याच डब्यात, दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी, फलाटाकडं पाठ करून बसलेले. शिट्टी झाली आणि फलाटावरच्या माधवनं पेटीतून व्हायोलिन काढलं. उभ्यानं, हनुवटीखाली धरून, गोवेकरानं शिकवलं होतं तसं. गाडीनं पहिला हिसका दिला आणि त्यानं ती जहाजाची धून सुरू केली. अगदी खालच्या तारेवरून, हळूहळू. रडणारी माणसं गप्प झाली. गल्लीतल्या ज्या पोरांनी सिनेमा पाहिला होता ती तर हसायलाच लागली. मी खिडकीला चिकटून होतो. शेजारी कुणीतरी येऊन वाकलं, पाहतो तर अण्णा. फलाट संपेपर्यंत ते तसेच वाकून उभे होते. मग जागेवर जाऊन बसले, उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "सूर चांगला लागलाय त्याचा." पुढच्या दिवाळीला त्यांनीच आपण होऊन त्याला बोलावून घेतलं.

माधव मोठा वादक झाला नाही. शाळेत गणित शिकवलं, सुमनवहिनींशी लग्न केलं, हैदराबादच्याच विद्यानगरात घर केलं आणि तिथल्या पुढच्या खोलीत दर रविवारी मुलांना व्हायोलिन शिकवत राहिला. उतारवयात त्याचे कान गेले. मागच्या हिवाळ्यात गेलो होतो तेव्हा त्याच्या मुलीनं तो जुना सिनेमा टीव्हीवर लावून दिला. कानाच्या यंत्रानं नुसती घरघर होते म्हणून त्यानं ते कानातून काढून ठेवलं आणि तळहात स्पीकरवर टेकवला. मी ऐकत होतो, तो ऐकत नव्हता. तरी प्रत्येक वाद्य यायच्या आधी त्याची दुसऱ्या हाताची बोटं त्याला बोलावत होती. एकदाही चुकली नाहीत. "अजून अख्खं ऐकू येतं रे मला," तो म्हणाला. कीव करायची सोयच ठेवली नाही त्यानं.

तेराव्यानंतर मी विद्यानगरातच होतो. रविवार उजाडला. वहिनींनी कुणाला बोलावलं नव्हतं, पण सकाळी दार वाजलं. एक बँकेतली बाई, मग दिलसुखनगरहून स्कूटरवर आलेला दुकानदार, मग बुरखा घातलेली एक शिक्षिका आणि तिची मुलगी... सगळे त्याचे शिष्य, कुणी चाळिशीतले, कुणी पन्नाशीतले. कुणी तेलुगूत बोललं, कुणी उर्दूत. चपला काढल्या, पुढच्या खोलीत सतरंज्या घातल्या, व्हायोलिनच्या पेट्या उघडल्या. शिक्षिकेनं वहिनींना विचारलं, "अम्मा, बजाएँ?" वहिनींनी पदर सारखा केला. "त्यासाठीच आलात ना? मग बजाओ की. मी चहा टाकते." सगळे तारा सुरात लावू लागले, आधी बेसूर, मग एकेक करून जुळत गेल्या. स्वयंपाकघरातून कप मोजल्याचा आवाज येत होता. वहिनी दारात येऊन मला म्हणाल्या, "भावजी, तुमची उद्याची गाडी आहे ना? पुढच्या रविवारी हे लोक परत येणार आहेत म्हणे."

मी अंगणात जाऊन मुलाला फोन लावला आणि तिकीट रद्द करायला सांगितलं.